रोज 200 केगल, तरीही थेंब गळतातच

'ताई, माझं वय 39. दोन मुलं आहेत, 11 आणि 7 वर्षांची. पहिल्या वेळी चिमटा लावून बाळ काढलं होतं, बरेच टाके पडले. दुसऱ्या बाळंतपणानंतर शिंकलं, खोकलं, जोरात हसलं की लघवीचे थेंब गळायला लागले. आई म्हणाली, दोन बाळंतपणांनंतर एवढं चालायचंच. चार महिन्यांपूर्वी मोबाइलवर केगलचे, म्हणजे लघवीच्या जागेभोवतीचे स्नायू आवळायच्या व्यायामाचे, व्हिडिओ पाहिले आणि सकाळी 100, संध्याकाळी 100 असे सुरू केले. लघवी करताना मध्येच धार अडवायचाही सराव करते. पोट दिवसभर आत ओढून धरते. थेंब अजून गळतातच, वर आता तासाभरात दोनदा लघवीला जावंसं वाटतं. धार अडखळते, शेवटी जोर करावा लागतो. माकडहाडापाशी ठणकतं. संबंधांच्या वेळी सुरुवातीलाच इतकं दुखतं की गेले दोन महिने मी टाळतेच आहे. नवऱ्याला कारण सांगितलेलं नाही. केगल अजून वाढवू का? ऑपरेशन लागेल का? मुलीला दोरीवरच्या उड्या शिकवायच्या आहेत, तेवढंही आता जमणार नाही का?'

केगल वाढवू नका. तपासणी होईपर्यंत पूर्ण थांबवा, आणि लघवीची धार मध्येच अडवणं तर आजपासूनच बंद करा. धार एकदा सुरू झाली की पिशवीने आकुंचायचं आणि खालच्या स्नायूंनी सुटायचं, असा शरीराचा ठरलेला क्रम असतो. तो रोज मध्येच मोडला की धार अडखळायला लागते आणि पिशवीत लघवी मागे राहू शकते. एके काळी हे फक्त योग्य स्नायू ओळखण्यापुरतं एकदा करून बघायला सांगत. त्याचा रोजचा व्यायाम कुणीच करू नये.

तुम्ही आळस केला म्हणून हे झालं, हे आधी मनातून काढून टाका. चार महिने नेमाने रोज 200 वेळा एखादी गोष्ट करणारी बाई कष्टाला कमी पडलेली नसते. तुम्हाला अर्धाच धडा शिकवला गेला. आवळायचं कसं ते सांगितलं, सोडायचं कसं ते कुणी सांगितलंच नाही. पत्रावरून मी निदान करू शकत नाही, पण तुमच्या लक्षणांचा रोख मला स्पष्ट दिसतो. वारंवार लघवी, अडखळती धार, माकडहाडाशी ठणका, संबंधांत सुरुवातीलाच दुखणं, हे सगळं एकत्र येतं तेव्हा ओटीपोटाच्या तळाचे स्नायू बहुतेक वेळा आवळून बसलेले सापडतात.

या स्नायूंची एक झोळी असते. पुढे जांघांच्या मधलं जे हाड हाताला लागतं तिथून ती निघते, मागे माकडहाडापर्यंत जाते आणि दोन्ही बाजूंनी ओटीपोटाच्या हाडांना आतून बांधलेली असते. लघवीची पिशवी, गर्भपिशवी आणि मलाशय यांना खालून आधार तिचाच. लघवीचा मार्ग, योनी आणि शौचाचा मार्ग तिच्यातूनच बाहेर पडतात. त्यामुळे या एका झोळीवर दोन उलट कामं येऊन पडतात. शिंक आली की तिने क्षणात घट्ट व्हायचं, आणि लघवीला, संडासला, संबंधांच्या वेळी, बाळंतपणात सैल सुटायचं. यातलं कुठलंही काम बिघडलं तरी त्याला पेल्विक फ्लोअर डिसफंक्शन म्हणतात. लोकांना मात्र त्यातला एकच प्रकार माहीत असतो, सैल पडण्याचा.

आवळून बसलेल्या झोळीतूनही थेंब गळतात, हे पहिल्यांदा ऐकताना कुणालाच पटत नाही. दिवसभर जड पिशवी धरून राहिलेला हात आठवा. संध्याकाळी त्याच हाताने पाण्याचा पेला उचलायला गेलं की तो थरथरतो. त्या हातात ताकद नाही असं नाही, पण ती आधीच खर्च झालेली असते. दिवसभर आखडलेल्या स्नायूचं तसंच होतं. शिंक येते तेव्हा त्याला आणखी घट्ट व्हायला जागाच उरलेली नसते. त्यात तुम्ही पोट आत ओढून धरता. पोट असं धरलं की श्वास वरच्या वर छातीत राहतो. एरवी श्वास आत घेताना छातीखालचा पडदा खाली उतरतो आणि त्याच्याबरोबर ही झोळीही थोडी खाली येते, म्हणजे दिवसातून हजारो वेळा तिला आपोआप विसावा मिळतो. तुम्ही तो नकळत काढून घेतला आहे.

याचा अर्थ केगल हा प्रकारच चुकीचा, असं कृपा करून समजू नका. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगल यांनी 1948 साली हे व्यायाम मांडले, आणि खोकताना-शिंकताना गळणाऱ्या लघवीवर आजही पहिला उपाय तोच आहे. या विषयावरच्या चाचण्या एकत्र करून 2018 साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने जो आढावा घेतला, त्यात अशा गळतीच्या बायकांपैकी व्यायाम करणाऱ्या 56 टक्के जणींनी बरं झाल्याचं सांगितलं. व्यायाम न करणाऱ्यांत ते प्रमाण 6 टक्के होतं. औषधाच्या गोळीचा एवढा फरक पडला असता तर ती घराघरांत पोहोचली असती. पण व्यायाम शिकवावा लागतो. 1991 साली एका अभ्यासात 47 बायकांना नुसतं तोंडी समजावून हे स्नायू आवळायला सांगितलं, तेव्हा जेमतेम निम्म्या जणींना ते नीट जमलं, आणि चारातली एक तर गळती वाढेल अशा पद्धतीने, खालच्या दिशेने जोर करत होती. फोनच्या पडद्यावरून आवळा-सोडा मोजणाऱ्या कुणालाही तुमच्या आत काय चाललंय ते दिसत नाही.

तुमच्या चिमट्याच्या बाळंतपणाबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण तुम्ही ते एका वाक्यात लिहून पुढे गेलात. बाळाचं डोकं बाहेर येताना या झोळीचा मधला भाग मूळ लांबीच्या तिपटीहून जास्त ताणला जातो, असं संगणकावरच्या प्रतिकृतीत दिसलं आहे. बहुतेकींचा स्नायू यातून सावरतो. चिमटा लावावा लागला तर तो पुढच्या हाडापासून एका किंवा दोन्ही बाजूंनी सुटण्याची शक्यता वाढते. असा सुटलेला भाग व्यायामाने परत चिकटत नाही. उरलेल्या स्नायूकडून काम करून घ्यावं लागतं, आणि तो उरलेला भाग कधी कधी दोघांचं ओझं एकट्याने वाहून आखडतो. म्हणजे एका अंगाला ढिलं आणि दुसऱ्या अंगाला ताठ, हे एकाच बाईत असू शकतं. तुमचं तसंच असेल असं मी म्हणत नाही. पण मोजून 200 केगल करण्याआधी कुणीतरी बोटाने तपासून हे सांगायला हवं होतं.

तोवर घरी एक करून बघा. टणक बैठकीच्या खुर्चीवर छोट्या टॉवेलची वळकटी पुढून मागे अशी ठेवा आणि घोड्यावर बसल्यासारखं तिच्यावर बसा. कपडे असू द्या. योनी आणि गुदद्वार यांच्यामधल्या भागाला तिचा दाब जाणवेल. आता हलकं खोका. तो भाग वळकटीवर आदळतो की वर उचलला जातो, ते बघा. मग गॅस अडवताना आवळतो तसं अगदी हळू आवळा. वळकटी किंचित दूर गेल्यासारखी वाटली पाहिजे. आणि आता खरं काम, सोडा. शरीर परत वळकटीवर टेकल्याचं स्पष्ट कळलं का? आवळणं आणि सोडणं यांत काहीच फरक कळला नाही, तर तपासायला जाल तेव्हा हे आवर्जून सांगा.

एकदा एका बाईंना तपासताना मी 'आता सोडा' म्हटलं. त्यांनी खांदे खाली सोडले, मुठी उघडल्या, कपाळावरची आठीसुद्धा गेली. माझ्या बोटाखालचा स्नायू मात्र तारेसारखा ताठच. 'सोडलं की,' त्या म्हणाल्या, आणि ते त्यांना मनापासून खरं वाटत होतं. तिसऱ्या खेपेला, एका लांब उच्छ्वासानंतर, तो बोटाखाली विरघळल्यासारखा झाला. त्यांनी डोळे उघडून विचारलं, 'हे सोडणं?' त्यांना रडू आलं. ते दुखण्याचं नव्हतं.

सोडायचा सराव तुम्ही आजच सुरू करू शकता, त्यात धोका नाही. पाठीवर निजा, पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवा, एक हात बेंबीच्या खाली. नाकाने सावकाश श्वास घ्या आणि हाताखालचं पोट फुगू द्या. त्याच वेळी बसायची दोन हाडं एकमेकांपासून लांब जातायत आणि खालचा भाग उमलतोय अशी कल्पना करा. जोर करायचा नाही, लघवी करताना ढकलतो तसं ढकलायचं नाही. श्वास सोडताना काहीही आवळायचं नाही. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. बालासनातही असाच श्वास घेता येतो. दिवसभरात पोट आत ओढलंय असं लक्षात येईल तेव्हा फक्त सोडून द्या. पहिल्या आठवड्यात ते पन्नास वेळा लक्षात येईल. येऊ द्या.

लघवीला बसताना पूर्ण टेकून बसा, अधांतरी राहू नका. मांड्यांवर शरीर तोलून धरलं की झोळी सैल पडत नाही. शेवटी जोर करू नका. थोडं पुढे वाका, दोन श्वास घ्या, परत उरलेली लघवी येते का बघा. संडासच्या वेळीही कुंथणं टाळायचं. कमोडवर बसत असाल तर पायाखाली एवढं बुटकं स्टूल घ्या की गुडघे कमरेपेक्षा वर येतील. बद्धकोष्ठता असेल तर तिच्यावर आधी उपाय करा, कारण रोजच्या कुंथण्याने या स्नायूंची बाकीची सगळी मेहनत वाया जाते.

तासाभरात दोनदा लघवीला जाण्याचं दुसरंही एक कारण असू शकतं. थेंब गळायच्या भीतीने बायका 'असू दे, जाऊन येते' म्हणून पिशवी भरायच्या आतच रिकामी करतात. लघवीची पिशवी साधारण 400 ते 500 मिली धरते. पहिली जाणीव 150-200 मिलीलाच होते, पण ती फक्त वर्दी असते. दर वर्दीला उठून गेलं की पिशवीला तेवढ्यावरच ओरडायची सवय लागते. तीन दिवस वहीत लिहा: किती वाजता गेलात, मापाच्या भांड्यात किती भरली, काय प्यायलात, कधी गळली. ही वही तपासणीला बरोबर न्या, निम्मं निदान तिच्यातच होतं. पिशवीत लघवी मागे राहत नाही हे तपासून झाल्यावर दोन खेपांमधलं अंतर दर आठवड्याला पाच-दहा मिनिटांनी वाढवायचं. निदान सहा आठवडे तरी हे चालतं. दिवसाला सहा ते आठ वेळा जाणं ठीक समजतात. पाणी कमी करू नका, दाट लघवी पिशवीला जास्त टोचते. चहा-कॉफीतलं कॅफीन मात्र कमी करून बघा.

आता तपासणी. आधी लघवीची तपासणी, कारण नुसत्या जंतुसंसर्गानेही वारंवार जावं लागतं. मग लघवी करून झाल्यावर सोनोग्राफी, आत किती उरते ते बघायला. स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा आणि पेल्विक फ्लोअरचं काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टचं नाव त्यांच्याकडे मागा. आतली तपासणी हातमोजा घालून, जेल लावून, एका बोटाने होते. तुम्हाला दुखतंय हे आधीच सांगा. 'थांबा' म्हटलं की समोरच्याने थांबलंच पाहिजे, आणि न थांबणाऱ्याकडे परत जाऊ नका. स्नायूची ताकद 0 ते 5 अशी मोजतात, पण तुमच्या बाबतीत विचारायचे प्रश्न वेगळे: सोडल्यावर तो खरंच सुटतो का, कुठे दाबलं की तुमचं ओळखीचं दुखणं उठतं, आणि दोन्ही बाजू सारख्या आहेत का.

स्नायू आखडलेले निघाले तर फिजिओथेरपिस्ट त्या दुखऱ्या जागा हाताने सावकाश मोकळ्या करते, तुम्हाला स्वतःला ते करायला शिकवते, आणि लागलं तर लहानापासून मोठ्या मापाच्या गुळगुळीत डायलेटरने, म्हणजे योनीत ठेवायच्या कांड्यांनी, योनीला सवय करून देते. घाई कशाचीच नसते. तोवर दुखत असताना संबंध रेटून नेऊ नका. दुखेल या भीतीने स्नायू आणखी आखडतो, मग जास्त दुखतं, आणि हे चक्र सहनशक्तीने तुटत नाही. नवऱ्याला सांगा. कारण माहीत नसेल तर माणूस स्वतःचंच कारण लावून घेतो, आणि ते बहुतेक वेळा खऱ्या कारणापेक्षा वाईट असतं. 'मला तू नको आहेस असं नाही, माझा एक स्नायू दुखतोय आणि मी उपचार घेतेय' एवढं एक वाक्य पुरे आहे. बोलवत नसेल तर हे पत्र त्यांच्या हातात द्या.

झोळी सुटायला शिकली की मग ताकदीकडे वळायचं, आणि तेव्हा केगल परत येतील. पण 200 नाहीत. शिकवलेल्या पद्धतीने एका वेळी आठ, दिवसातून तीनदा, दर आवळण्यानंतर तेवढाच वेळ पूर्ण सोडणं, आणि हे निदान तीन महिने. त्याच्याबरोबर शिंक-खोकल्याची हातोटी शिकून घ्या. शिंक येतेय असं कळलं की तिच्या आधी क्षणभर आवळायचं, शिंक झाली की सोडायचं. 1998 सालच्या एका छोट्या अभ्यासात नुसतं एवढं शिकवल्यावर आठवड्याभरात खोकतानाची गळती बरीच कमी झाली होती. वजनाबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, म्हणून इतर वाचकांसाठी एवढंच सांगते. वजन जास्त असलेल्या 338 बायकांच्या 2009 सालच्या एका चाचणीत ज्यांचं वजन सरासरी 8 टक्क्यांनी उतरलं, त्यांची आठवड्यातली गळती 47 टक्क्यांनी कमी झाली. दुसऱ्या गटात ती 28 टक्क्यांनी कमी झाली होती.

ऑपरेशनचा विचार आत्ता करू नका. शिंकतानाच्या गळतीसाठी लघवीच्या नळीखाली आधाराची पट्टी बसवतात. ती जाळीची असते किंवा स्वतःच्याच ऊतींची, आणि योग्य बाईला तिचा चांगला उपयोग होतो. पण तुमची धार आधीच अडखळतेय, त्यात ही पट्टी बसली तर लघवी तुंबू शकते. शिवाय आखडलेला स्नायू ऑपरेशनने सुटत नाही. उपचार मनापासून करूनही गळती राहिली, तर तेव्हा तज्ज्ञांशी पट्टीचे फायदे-तोटे, आणि जाळी असेल तर ती कायमची आत राहते हेही, नीट बोलून घ्या. अंग बाहेर येतं, म्हणजे गर्भपिशवी किंवा लघवीची पिशवी योनीत खाली उतरते, त्यावर उपाय म्हणून योनीमार्गे बसवल्या जाणाऱ्या जाळ्यांची विक्री अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2019 साली थांबवली, ती सुरक्षिततेची पुरेशी खात्री पटली नाही म्हणूनच. ज्या वाचकांना अंग बाहेर आल्यासारखं, खाली गोळा लागल्यासारखं वाटतं, त्यांनी ऑपरेशनआधी सिलिकॉनच्या रिंग पेसरीबद्दल जरूर विचारावं. ती योनीत बसवतात, वेळोवेळी काढून स्वच्छ करतात, आणि कित्येकींचं तिच्यावर वर्षानुवर्षं छान चालतं. पाळी गेल्यानंतर कोरडेपणा आणि लघवीची घाई असेल तर योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम हाही विचारण्यासारखा उपाय आहे.

लघवीतून रक्त येणं, तापाबरोबर लघवीला जळजळ, पाळी गेल्यावर पुन्हा रक्तस्राव, यांतलं काही दिसलं तर या सदराची वाट बघू नका. मांड्यांच्या मधला भाग अचानक बधिर झाला, लघवी एकदम बंद झाली किंवा शौचावरचा ताबा सुटला, तर त्याच तासाला दवाखाना गाठा. मणक्यातल्या नसा दबल्याची ती खूण असू शकते.

आईंचं म्हणणं मी खोडून काढत बसणार नाही. त्यांच्या वेळी त्यांना बहुधा कुणी काही सांगितलंच नसेल, आणि कदाचित त्यांचेही थेंब गळत असतील. एकदा विचारून बघा. हे उपचार साठीत आणि सत्तरीतही उपयोगी पडतात.

आणि दोरीवरच्या उड्या. येतील, पण आज नाही. दुखणं गेलं, धार सरळ झाली, खोकताना थेंब येईनासे झाले की आधी जागच्या जागी टाचा उचलून खाली टेकवा, वीस वेळा. त्यात काही गळलं नाही तर दोरीशिवाय दहा छोट्या उड्या, तोंड बंद करून श्वास रोखू नका, मोजताना आकडे मोठ्याने म्हणा म्हणजे श्वास चालू राहतो. मग दोरी. पहिल्या दिवशी मुलीच्या बरोबरीने दहाच. थेंब आला किंवा खाली ओझं वाटलं तर त्या दिवशी थांबा, दोन दिवसांनी आठ मारा. आणि दोरी हातात घेण्याआधी 'असू दे, जाऊन येते' नको.